जुन्या ग्रंथांचा नवा बाजार

नव्या पुस्तकाची किंमत त्याच्या वेष्टणावर छापलेली असते. ती ठरविण्याचा अधिकार प्रकाशकाचा. ती द्यावयाची कीं नाहीं एवढाच प्रश्न गिऱ्हाइकापुढें असतो. परंतु तेंच पुस्तक एकदां कोणाच्या घरीं जाऊन, वाचलें जाऊन, दहावीस वर्षांनीं पुनः विक्रीस निघालें, म्हणजे त्याच्या किंमतीचा प्रश्न अगदीं निराळा होतो. छापलेल्या आंकड्यास मग कांहीं अर्थ उरत नाहीं. एकाच्या लेखीं तें पुस्तक रद्दी असतें, तर दुसरा एखादा तेंच पुस्तक कित्येक वर्षें शोधीत असतो. हे दोघे एकमेकांस भेटले तर पुस्तक वांचतें. न भेटले तर तें तागडींत पडून किलोच्या भावानें जातें. जुन्या ग्रंथांच्या व्यापाराचें सारें मर्म ह्या भेटींत आहे.

महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत हा प्रसंग आतां नित्याचा झाला आहे. घरांतील वडील माणूस, बहुधा शिक्षक, वकील किंवा कारकून, आयुष्यभर एकेक पुस्तक जमवितो. त्याच्या पश्चात् मुलें परगांवीं किंवा परदेशीं असतात, घर मोडावयाचें असतें, आणि नव्या जागेंत कपाटांना जागा नसते. रद्दीवाला दारांत उभा असतो. अशा वेळीं घरांतील एखादा तरुण म्हणतो, “रद्दींत कशाला घालतां? इंटरनेटवर विका. चांगले पैसे येतील.” सल्ला चुकीचा नाहीं, पण तो अपुरा आहे. त्याप्रमाणें वागणारीं पुष्कळ माणसें थोड्याच महिन्यांत त्रासून जातात व शेवटीं रद्दीवाल्यासच हांक मारतात. असें कां होतें, दोष पुस्तकाचा, बाजाराचा कीं विकणाराचा, आणि त्यांतून कोणती वाट काढतां येते, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम जुनी पद्धत लक्षांत घेतली पाहिजे. मुंबईंत फोर्टांत आणि माटुंग्यास किंग्ज सर्कलजवळ, पुण्यास अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, कलकत्त्यास कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांचा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालत आला. दिल्लीस दर्यागंजच्या पदपथावर दर रविवारीं भरणारा असाच ग्रंथबाजार सन २०१९ मध्यें जवळच्या महिला हाटांत हलविण्यांत आला. ह्या सर्व ठिकाणीं व्यवहाराची रीत एकच. गिऱ्हाईक पुस्तक हातांत घेतें, पुठ्ठा उघडून शिवण पाहतें, मधलें एखादें पान गळालें आहे काय तें तपासतें, वाळवीचें भोंक दिसलें तर विक्रेत्यास दाखवितें, आणि मग भाव करतें. हातच्या कांकणाला आरसा नको, तसें हातच्या पुस्तकाला वर्णन नको. विक्रेत्यास पुस्तक बांधावें लागत नाहीं, पाठवावें लागत नाहीं, आणि एकदां पैसे मोजल्यावर तें परतहि घ्यावें लागत नाहीं. ह्या पद्धतींत उणीव एकच, पण ती मोठी. ज्याला तें पुस्तक हवें आहे तो नेमका त्या दिवशीं त्या पदपथावरून गेला पाहिजे. नागपूरच्या अभ्यासकास हवें असलेलें पुस्तक माटुंग्यास पावसांत भिजत पडलें, तर त्याचा त्याला पत्ताहि लागत नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचें सामर्थ्य इंटरनेटनें आणलें. सन १९९५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील सिॲटल शहरीं ॲमेझॉन ह्या कंपनीनें नव्या पुस्तकांची विक्री सुरू केली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पियर ओमिड्यार ह्यांनीं लिलावाची एक जागा इंटरनेटवर उघडली. तीच पुढें ईबे ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. त्याच वर्षीं कॅनडांतील व्हिक्टोरिया येथें एबबुक्स ही संस्था निघाली. अनेक जुन्या ग्रंथविक्रेत्यांच्या याद्या एकत्र करून त्या जगापुढें ठेवणें हें तिचें काम. सन २००० च्या नोव्हेंबरांत ॲमेझॉननें नव्या प्रतीच्या शेजारींच इतर विक्रेत्यांच्या जुन्या प्रती विकूं देण्यास आरंभ केला. सन २००२ मध्यें अमेरिकेंतील ऑथर्स गिल्ड ह्या लेखकांच्या संघानें त्याविरुद्ध आवाज उठविला, कारण जुन्या प्रतीवर लेखकास मानधन मिळत नाहीं. परंतु प्रवाह थांबला नाहीं. भारतांत फ्लिपकार्ट ह्या कंपनीनें सन २००७ मध्यें बंगळूरहून पुस्तकविक्रीनेंच आरंभ केला, आणि ॲमेझॉनचा भारतीय बाजार सन २०१३ च्या जूनमध्यें उघडला तोहि प्रथम पुस्तकें व चित्रपट घेऊनच.

वाचकाच्या दृष्टीनें हा मोठाच लाभ झाला. पूर्वीं जें पुस्तक शोधण्यांत वर्षें जात, तें आतां घटकाभरांत सांपडूं शकतें. परंतु वाचकाच्या सोयीचा भार कोणावर तरी पडतोच, आणि तो पडतो विकणारावर. त्याच्या अडचणी मुख्यतः चार आहेत.

पहिली अडचण पुस्तकाच्या ओळखीची. ऑनलाइन बाजाराची सारी रचना एकसारख्या मालासाठीं झालेली आहे. एका कारखान्यांतून निघालेले शंभर तांब्ये एकसारखे असतात. त्यांतील एकाचें चित्र व एकाचें वर्णन शंभरांना पुरतें. पुस्तक नवें असेपर्यंत तेंहि ह्याच जातीचें असतें. म्हणून बाजाराचें यंत्र पुस्तकास त्याच्या क्रमांकावरून ओळखतें. हा क्रमांक म्हणजे आयएसबीएन. तो सन १९७० मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाला. प्रथम तो १० अंकी होता, आणि १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी झाला. हा क्रमांक यंत्रास दिला कीं पुस्तकाचें नांव, लेखक, पृष्ठसंख्या व मुखपृष्ठ आपोआप पुढें येतें.

परंतु सन १९७० पूर्वींच्या मराठी पुस्तकास हा क्रमांक नाहीं, आणि त्यानंतरहि कित्येक मराठी प्रकाशकांनीं अनेक वर्षें तो घेतला नाहीं. ज्या पुस्तकास क्रमांक नाहीं त्याला कांहीं बाजार सहजासहजीं आंत घेत नाहींत. त्यासाठीं निराळी परवानगी मागावी लागते. क्रमांक असला तरीहि काम भागत नाहीं. क्रमांक आवृत्तीचा असतो, प्रतीचा नसतो. पहिल्या छपाईची, लेखकाच्या सहीची प्रत आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यानें निळ्या शाईनें रेघा ओढून ठेवलेली दहाव्या छपाईची प्रत, ह्या दोन्ही यंत्राच्या लेखीं एकच. घरांतील ज्या प्रतीला खरें मोल आहे तिचें वेगळेपण यंत्रास कळत नाहीं. तें विकणारानें शब्दांत सांगावें लागतें.

मराठी पुस्तकांच्या बाबतींत आणखी एक घोटाळा आहे, तो लिपीचा. पुष्कळ विक्रेते पुस्तकाचें नांव रोमन लिपींत नोंदवितात. आतां ‘ज्ञानेश्वरी’ हा एकच शब्द घ्यावा. त्याचा आरंभ कोणी डी, एन, वाय ह्या अक्षरांनीं करतो, कोणी जे व एन ह्यांनीं, तर कोणी जी व वाय ह्यांनीं. एका रीतीनें नोंदलेली प्रत दुसऱ्या रीतीनें शोधणारास पुष्कळदां दिसत नाहीं. प्रत बाजारांत आहे, गिऱ्हाईकहि बाजारांत आहे, आणि दोघांमध्यें एका जोडाक्षराची भिंत उभी आहे. म्हणून शहाण्या विक्रेत्यानें नांव देवनागरींत द्यावें व त्याखालीं रोमन लिपींतील दोन तीन प्रचलित रूपेंहि द्यावींत. आवृत्ति व साल ह्यांविषयीं शंका असेल तर शंकर गणेश दाते ह्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा आधार घ्यावा. तिच्या पहिल्या भागांत सन १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची नोंद आहे. यंत्राचे क्रमांक येण्यापूर्वीं एका माणसानें चिकाटीनें केलेलें हें काम यंत्राच्या युगांतहि उपयोगी पडतें.

दुसरी अडचण किंमतीची. पदपथावर एका पुस्तकाची एकच प्रत समोर असते. ऑनलाइन बाजारांत त्याच पुस्तकाच्या वीस पंचवीस प्रती एकाखालीं एक मांडलेल्या दिसतात, आणि सर्वांत स्वस्त ती सर्वांत वर. साहजिकच प्रत्येक विक्रेता शेजाऱ्याहून थोडी कमी किंमत लावतो. उद्यां शेजारी त्याहून कमी लावतो. ही उतरण अमेरिकेंत किती खालीं गेली तें पाहण्यासारखें आहे. तेथें लोकप्रिय जुन्या कादंबऱ्या एका सेंटला, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या हिश्शास, विकल्या जाऊं लागल्या. एका सेंटांत पोट कसें भरावें? त्याचें रहस्य असें. गिऱ्हाइकाकडून पाठवणावळ म्हणून निराळे ३ डॉलर ९९ सेंट घेतले जात. सन २०१५ च्या सुमारास त्या एकूण ४ डॉलरांतून ॲमेझॉन कंपनी १ डॉलर ३५ सेंट ठराविक शुल्क कापून घेई. उरलेल्या २ डॉलर ६५ सेंटांत टपालहंशील, वेष्टण व मजुरी भागवावयाची. ज्या मोठ्या कंपन्या वाचनालयांनीं काढून टाकलेलीं पुस्तकें वजनावर घेत व टपाल घाऊक दरानें पाठवीत, त्यांस दर पुस्तकामागें कांहीं सेंट सुटत, आणि लाखों पुस्तकांवर तेच मोठे होत. किरकोळ हंशील भरणाऱ्या गृहस्थाच्या हातीं मात्र जवळजवळ कांहींच राहत नसे.

म्हणून सामान्य पुस्तकांत घरगुती विक्रेत्यानें मोठ्या व्यापाऱ्याशीं किंमतीची स्पर्धा करणें व्यर्थ आहे. ज्या पुस्तकाच्या हजारों प्रती घरोघरीं पडल्या आहेत, त्याचा तुटवडा इंटरनेटनें नाहींसा केला आहे. पूर्वीं गांवांतील एका दुकानांत एकच प्रत असे, म्हणून तिला भाव येई. आतां सर्व गांवांतील प्रती एकाच दुकानांत आल्या आहेत.

ह्याच्या उलट प्रकारहि घडतो. पुष्कळ विक्रेते किंमत स्वतः ठरवीत नाहींत. तें काम त्यांनीं संगणकाकडे सोंपविलेलें असतें. सन २०११ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील बर्कली येथील जीवशास्त्रज्ञ मायकेल आयसन ह्यांच्या नजरेस एक चमत्कारिक गोष्ट आली. माशीच्या शरीराची घडण कशी होते ह्यावर पीटर लॉरेन्स ह्यांनीं सन १९९२ मध्यें लिहिलेल्या एका ग्रंथाच्या नव्या प्रती ॲमेझॉनवर दोनच विक्रेत्यांकडे होत्या, आणि दोन्ही प्रतींची किंमत लाखों डॉलर होती. जुन्या प्रती मात्र सुमारें ३५ डॉलरांपासून मिळत होत्या. आयसन ह्यांनीं रोज किंमती टिपून ठेवल्या तेव्हां उलगडा झाला. पहिल्या विक्रेत्याचा संगणक दुसऱ्याच्या किंमतीस ०.९९८३ नें गुणी, म्हणजे तिच्याहून किंचित् कमी किंमत लावी. दुसऱ्याचा संगणक पहिल्याच्या किंमतीस १.२७०५८९ नें गुणी. ह्या दुसऱ्याजवळ मुळांत प्रतच नसावी, मागणी आली तर पहिल्याकडून घेऊन पुढें विकावी असा त्याचा बेत असावा, असा तर्क आयसन ह्यांनीं केला. दोन गुणकांचा गुणाकार सुमारें १.२६८ येतो. म्हणजे प्रत्येक फेरींत किंमत शेंकडा २७ च्या जवळपास वाढणार, आणि दहा फेऱ्यांत ती दहापटीहून अधिक होणार. अखेरीस ती २,३६,९८,६५५ डॉलर ९३ सेंटांवर पोंचली, आणि त्यावर पाठवणावळ ३ डॉलर ९९ सेंट! मग कोणा माणसाच्या लक्षांत आलें आणि ती खालीं उतरली.

ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी असली तरी तींत एक धडा आहे. घरांतील जुन्या पुस्तकाची किंमत पाहण्यासाठीं लोक इंटरनेट उघडतात, आणि तेथें पांच हजारांचा आंकडा पाहून हुरळून जातात. परंतु तो आंकडा मागितलेल्या किंमतीचा असतो, मिळालेल्या किंमतीचा नसतो. मागणारा वाटेल तें मागेल. पुस्तक त्या किंमतीला वर्षानुवर्षें पडून असेल तर ती त्याची किंमत नव्हे. खरी किंमत म्हणजे कोणी तरी प्रत्यक्ष मोजलेली रक्कम. जेथें पूर्वींच्या झालेल्या विक्रीचे आंकडे पाहावयास मिळतात, तेथें ते पाहूनच आपला भाव ठरवावा.

तिसरी अडचण वर्णनाची. गिऱ्हाईक पुस्तक पाहूं शकत नाहीं, म्हणून त्याच्या डोळ्यांचें काम विक्रेत्याच्या शब्दांनीं करावयाचें असतें. जुन्या ग्रंथांच्या पाश्चात्य व्यापारांत ह्यासाठीं ठराविक संज्ञा आहेत. पुढें एबी बुकमन्स वीकली ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन साप्ताहिकानें सन १९४९ मध्यें त्यांचें प्रमाण ठरविण्याचा यत्न केला. मौज अशी कीं, ह्या परिभाषेंत ‘गुड’ म्हणजे चांगलें पुस्तक नव्हे. वापरून झिजलेलें, परंतु सर्व पानें शाबूत असलेलें सामान्य जुनें पुस्तक, एवढाच त्याचा अर्थ. व्यापारी हा अर्थ जाणतो, गिऱ्हाईक जाणत नाहीं. विक्रेत्यानें ‘गुड’ लिहून पुस्तक पाठविलें कीं गिऱ्हाइकाचें पत्र येतें, “पुस्तक चांगलें आहे असें आपण लिहिलें होतें, पण पानें पिवळीं आहेत आणि पहिल्या पानावर कोणाचें तरी नांव आहे.” दोघेहि आपापल्या परी खरे असतात, आणि पुस्तक परत येतें.

तेव्हां एका शब्दाच्या शेऱ्यावर विसंबूं नये. आपल्याकडील हवेंत पुस्तकाला लागणारे रोग ठराविक आहेत. कोंकणांतील व मुंबईंतील ओलीनें पानांवर तपकिरी ठिपके पडतात; कसर पुठ्ठ्यावरील खळ खाते; वाळवी आरपार बोगदा पाडते; जुना स्वस्त कागद पिवळा पडून घडीवर तुटतो. ह्याखेरीज वाचनालयाचा शिक्का, बक्षिसाची चिठ्ठी, समासांतील पेन्सिलीच्या खुणा हेंहि सांगितलें पाहिजे. एकूण पृष्ठें किती व त्यांतील कोणतें नाहीं, नकाशा किंवा चित्र गळालें आहे काय, हें प्रत्यक्ष पानें मोजून लिहावें. मुखपृष्ठ, शीर्षकपृष्ठ, प्रकाशनाचें साल असलेलें पान आणि सर्वांत वाईट भाग, अशीं चार छायाचित्रें द्यावींत. दोष आधीं सांगितल्यानें गिऱ्हाईक पळतें ही समजूत खोटी आहे. ज्याला पुस्तक खरोखर हवें आहे तो दोष जाणूनहि घेतो, आणि मग परत पाठवीत नाहीं. परंतु असें एक वर्णन नीट लिहावयास अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासाचे दाम कोणी देत नाहीं.

चौथी अडचण पाठवणीची आणि खर्चाची. पुस्तक ही आकाराच्या मानानें जड वस्तु आहे, आणि जुनें पुस्तक स्वस्त वस्तु आहे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. हें ओळखून अनेक देशांनीं ग्रंथांसाठीं टपालाचे सवलतीचे दर ठेवले. अमेरिकेंत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं सन १९३८ मध्यें पुस्तकांसाठीं दर पौंडास दीड सेंट असा खास दर जाहीर केला. त्याच परंपरेंतील सवलतीवर तेथील जुन्या पुस्तकांचा व्यापार उभा राहिला. भारतांत दीर्घकाळ चालत आलेली बुकपोस्टाची सोय सन २०२४ च्या डिसेंबरांत बंद झाली, तेव्हां छोटे प्रकाशक व ग्रंथविक्रेते ह्यांच्यांत मोठी अस्वस्थता पसरली. त्यानंतर १ मे २०२५ पासून टपालखात्यानें ‘ज्ञान पोस्ट’ ही सोय सुरू केली. तींत शैक्षणिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकें खुष्कीच्या मार्गानें जातात. आरंभींचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर निराळा, असा ठेवण्यांत आला. पुस्तकावर मुद्रकाचें किंवा प्रकाशकाचें नांव असणें आवश्यक धरलें आहे. पुष्कळ बाजारांत मात्र विक्रेत्यास स्वतःच्या पसंतीनें पाठवितां येत नाहीं. बाजारचालकानें नेमलेल्या वाहतूकदाराकडेच पुडकें द्यावें लागतें व त्याचा दर सोसावा लागतो.

खर्चाचा हिशेब एका उदाहरणानें स्पष्ट होईल. खालील आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. असें धरूं कीं, एक पुस्तक पाठवणावळीसह २०० रुपयांस विकलें. बाजारचालकाचें शुल्क ४० रुपये व वाहतूक ६० रुपये, मिळून १०० रुपये झाले. पुस्तकावर वस्तु व सेवा कर नाहीं, म्हणून फक्त पुस्तकें विकणारास त्या करासाठीं नोंदणी करण्याची सामान्यतः गरज नसते, ही एक मोठी सवलत आहे. परंतु बाजारचालकाच्या सेवेवर शेंकडा १८ कर बसतो, आणि इतर मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास जशी त्या कराची वजावट मिळते तशी केवळ पुस्तकें विकणारास मिळत नाहीं. म्हणून आणखी १८ रुपये गेले. पुठ्ठा, कागद व चिकटपट्टी ह्यांचे १५ रुपये. एकूण खर्च १३३ रुपये. हातीं राहिले ६७. आतां हेंच पुस्तक गिऱ्हाइकानें परत केलें तर काय होतें? २०० रुपये परत द्यावे लागतात. बाजाराचें शुल्क परत मिळालें असें धरलें तरी, जाण्यायेण्याची वाहतूक विकणाराच्या माथीं आली म्हणजे १२० रुपये, त्यावरील कर २१ रुपये ६० पैसे आणि वेष्टणाचे १५ रुपये, मिळून १५६ रुपये ६० पैसे बुडतात. दोन पुस्तकांच्या विक्रींत मिळालेले १३४ रुपये ह्या एका परतीनें जातात आणि वर २२ रुपये ६० पैशांची खोट येते.

हा हिशेब पाहिल्यावर घरगुती विक्रेते कां त्रासतात तें कळून येईल. ते आळशी नसतात, आणि त्यांची पुस्तकेंहि वाईट नसतात. एकसारख्या मालासाठीं बांधलेल्या बाजारांत ते एकुलती एक वस्तु घेऊन उतरलेले असतात. प्रत्येक प्रतीची ओळख पटवून देणें, वर्णन लिहिणें, बांधणें व जपणें हें सारें हातांनीं करावयाचें काम आहे. यंत्र फक्त किंमत खालीं ओढण्याचें काम फुकट करून देतें.

मग ह्या बाजाराकडे पाठ फिरवावी काय? तसें करणें म्हणजे पुस्तकें पुनः तागडींत घालणें होय. शहाणपणाचा मार्ग असा कीं, विकण्यापूर्वीं घरांतील पुस्तकांचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगांत पाठ्यपुस्तकें, परीक्षेचीं मार्गदर्शकें व अद्याप छापील मिळणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्या घालाव्यात. हीं एकेक करून ऑनलाइन विकण्यांत लाभ नाहीं. गांवांतील विद्यार्थ्यास, शाळेस किंवा लहान वाचनालयास तीं विचारून द्यावींत, अथवा जवळच्या जुन्या पुस्तकवाल्यास एकदम विकावींत. दुसऱ्या ढिगांत एका लेखकाचीं किंवा एका विषयाचीं पुस्तकें एकत्र करावींत. पांच पुस्तकांचा संच एकाच पुडक्यांत गेला तर वाहतूक, वेष्टण व वर्णन ह्यांचा खर्च पांचांवर वांटला जातो, आणि एकेकटें ज्यास भाव नाहीं त्यासहि संचांत भाव येतो.

तिसरा ढीग लहान असतो, आणि खरा विचार त्याचाच करावयाचा. एकदांच छापलेलीं गांवांचीं व घराण्यांचीं इतिहासपुस्तकें, जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक, बंद पडलेल्या छापखान्यांचीं नाटकें, शेतकी, वैद्यक, पाकशास्त्र व हस्तव्यवसाय ह्यांवरील जुनीं छोटीं पुस्तकें, लेखकाच्या स्वाक्षरीच्या प्रती, हीं ह्या ढिगांत येतात. दिसावयास तीं मळकट असतात, म्हणून रद्दींत सर्वांत आधीं तींच जातात! सुंदर पुठ्ठ्याचें पुस्तक घरचीं माणसें ठेवून घेतात, आणि फाटक्या वेष्टणाचें चौऱ्याऐंशी पानी पुस्तक, ज्याची दुसरी प्रत सहजीं सांपडणार नाहीं, तें टाकून देतात. ह्या ढिगासाठीं ऑनलाइन बाजारासारखें दुसरें साधन नाहीं. इंदूर, बडोदें, ग्वाल्हेर, तंजावर येथील मराठी कुटुंबें, परदेशांतील मराठी वाचक, विद्यापीठांतील संशोधक, ह्यांच्यापर्यंत पदपथ कधींच पोंचला नसता.

ह्या ढिगांतील पुस्तकास घाई चालत नाहीं. त्याचें गिऱ्हाईक जगांत एकच असूं शकतें आणि तें दोन वर्षांनीं येऊं शकतें. तोंवर किंमत रोज कमी करीत बसूं नये. भारतांत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं ग्रंथाचा स्वामित्वहक्क संपतो, व असे कित्येक ग्रंथ आतां छायाप्रतीच्या रूपानें इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. तेव्हां केवळ मजकुरासाठीं पैसे देणारें गिऱ्हाईक कमी झालें आहे. मूळ प्रत हवी असणारें उरलें आहे, हेंहि किंमत ठरवितांना ध्यानांत ठेवावें. एखादा ग्रंथ फारच दुर्मिळ वाटला तर विकण्यापूर्वीं सन १८९३ पासून चालत आलेलें ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा सन १८९८ मध्यें स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ह्यांसारख्या जुन्या संस्थेंत चौकशी करावी. तेथें ती प्रत नसेल, तर तेथें जाणें हेंच तिचें योग्य स्थान असूं शकतें.

ह्या सर्वांत पहिलें काम अगदीं साधें आहे, आणि त्यास ना इंटरनेट लागतें ना पैसा. संग्रह करणारा माणूस हयात असतांनाच त्याच्याजवळ बसून यादी करावी. ग्रंथाचें नांव, लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ति व पृष्ठें एवढीं सहा रकान्यांची वही पुरे. कोणतें पुस्तक कोठून मिळालें, कोणतें कोणी भेट दिलें, कोणत्याची दुसरी प्रत त्यानें आयुष्यांत पाहिली नाहीं, हें त्यालाच ठाऊक असतें, आणि तें त्याच्याबरोबर जातें. वही असली कीं तिसरा ढीग निवडावयास एक दुपार पुरते. वही नसली तर शंभर पुस्तकांत तीं चार कोणतीं हें सांगणारें घरांत कोणी उरत नाहीं, आणि रद्दीवाला कांहीं वाचून तोलत नाहीं.